चौदाव्या दिवसापासून

प्रश्न: "माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. सहा आठवड्यांपूर्वी दाजी हार्ट अटॅकनं गेले, वय ३९. तिला सात वर्षांचा मुलगा आहे. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, आता ती, मुलगा आणि सासूबाई एवढेच. ती रडत नाही, मोजकंच बोलते, सोमवारपासून ऑफिसला जाते म्हणते. सगळे म्हणतात तिला रडवा, नाहीतर मनात साठून राहील. भाचा विचारतो, बाबा देवाघरून कधी येणार? मी पुण्यात, ती कराडला. फोनवर काय बोलावं सुचत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही झोप लागत नाही, दाजी माझे मित्रच होते. काय करावं?"

दादा, तुमचं शेवटचं वाक्य तुम्ही चाचरत लिहिलंय असं वाटलं. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, पण नक्की येणार आहे. आधी बहिणीबद्दल.

मी गेली २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते. पहिली नऊ वर्षं कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या घरी जायचे. रुग्ण गेला की आमची फाइल बंद व्हायची. एकदा मिरजेजवळच्या एका खेड्यात, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत आणायला म्हणून महिनाभरानं गेले. त्या घरातल्या बाईंनी माझा हात धरून मला आत नेलं, चहा टाकला आणि म्हणाल्या, "तेराव्यानंतर ही पायरी चढलेल्या तुम्ही पहिल्या." त्यांची भावकी मोठी होती, गाव चांगलं होतं, कुणाशी वैर नव्हतं. तरी महिन्यात कुणी आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फाइल बंद करणं सोडून दिलं, आणि आज तुम्हाला जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या चहाच्या वेळी शिकलेलं आहे.

आपल्याकडे पहिले तेरा दिवस मागे राहिलेल्या माणसाला कुणी एकटं सोडत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. तिसऱ्या दिवशी सावडायला माणसं हजर असतात. रात्री बाईजवळ बहीण, जाऊ, मावशी कुणीतरी झोपतं. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेनासा झाला, की कुणीतरी हात जोडून मोठ्यानं म्हणतं, "पोराच्या शिक्षणाची काळजी करू नकोस, ते माझ्याकडे लागलं." कावळा शिवतो किंवा दर्भाचा करावा लागतो. पण चारचौघांत, नदीकाठी उभं राहून दिलेला तो शब्द त्या बाईच्या कानावर पडतो, आणि तो तिला पुढं पुष्कळ दिवस पुरतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या लाटेत, ज्यांची माणसं कुणाच्या हाताशिवाय गेली, ती कुटुंबं मला अजून सांगतात, "त्यांचं आमच्याकडून काहीच झालं नाही." त्यातल्या एका मुलानं दोन वर्षांनी नदीवर जाऊन वडिलांचं सगळं यथासांग केलं आणि त्या रात्री त्याला झोप लागली. विधी कशासाठी असतात हे मला तेव्हा समजलं.

पण तेराव्याला गोडाचं जेवण होतं, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढतात, शेजारून आणलेली पातेली नावं बघून परत जातात. चौदाव्या दिवशी घरात पहिल्यांदा शांतता होते. आणि साधारण त्याच सुमारास पहिला बधिरपणा उतरायला लागतो. म्हणजे माणसं जातात आणि दुःख येतं. तुमची बहीण आत्ता नेमकी तिथे आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात छोटं उत्तर हवं असेल तर ते हे: आता जा. गर्दी असताना गेला होतात, आता कुणी नाही तेव्हा जा, आणि जात राहा.

आता "तिला रडवा" याबद्दल. कृपा करून कुणाला हे करू देऊ नका. मी असं घर पाहिलंय जिथं न रडणाऱ्या सुनेसमोर नवऱ्याचा शर्ट आणून टाकला होता. ती रडली, पण त्यानंतर तिनं कुणासमोर तोंड उघडलं नाही. काही माणसांचं दुःख डोळ्यांतून येतं, काहींचं हातांतून. ती कपाटं आवरतात, फरशी पुसतात, ऑफिसला जातात. जॉर्ज बोनानो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गेलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला शांत राहिलेली माणसं पुढं कधीतरी कोसळतातच, ही समजूत त्यात टिकली नाही. साठून राहण्याची जी भीती आपल्याला वाटते, ती बहुतेक वेळा आपलीच असते. तिचा शांतपणा आपल्याला सोसत नाही.

आणि दुःखाचे ते पाच टप्पे, नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार, तुमच्याही मोबाइलवर कुणीतरी पाठवले असतील. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते नंतर चिकटले. बहीण कितव्या टप्प्यावर आहे हे शोधत बसू नका. माझ्या कामात जास्त उपयोगी पडलेली मांडणी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोघा संशोधकांची आहे, १९९९ सालची. त्यांचं म्हणणं असं की दुःखात माणूस दोन खोल्यांमध्ये ये-जा करतो. एका खोलीत गेलेलं माणूस असतं, आठवणी, रडणं, फोटो. दुसऱ्या खोलीत लाइटबिल, शाळा, नोकरी, आजचा स्वयंपाक. दोन्हीकडे जाता येणं महत्त्वाचं. कुणी एकाच खोलीत अडकलं, मग ती कुठलीही असो, तर लक्ष द्यायचं. खोल्यांची उपमा माझी आहे, पण गाभा त्यांचा.

म्हणून तिला ऑफिसला जाऊ द्या. एका बाईंची गोष्ट सांगते. बँकेत नोकरी करणाऱ्या. नवरा गेल्यावर पाचव्या आठवड्यात कामावर गेल्या, तेव्हा सासरी-माहेरी दोन्हीकडे कुजबुज झाली. रोज सकाळी सव्वासातला ओट्यावर दोन डबे भरून व्हायचे. दुसऱ्याचं झाकण लावताना लक्षात यायचं. त्यांनी तो डबा रिकामा केला नाही, बँकेतल्या शिपायाला द्यायला लागल्या. बोलल्या कुणाशीच नाहीत. नऊ-दहा महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या त्या रडतच. मी विचारलं काय झालं. म्हणाल्या, "आज एकच डबा भरला मी. आपोआप. कळलंच नाही." जो दिवस बाहेरून पाहणाऱ्याला सुधारणेचा वाटला असता, तो त्यांना विश्वासघाताचा वाटला होता. तुमच्या बहिणीच्या वाट्यालाही असा दिवस येईल, ती पहिल्यांदा मनापासून हसेल आणि मग दचकेल. तेव्हा जवळ असाल तर एवढंच सांगा की हसल्यानं दाजी दूर जात नाहीत.

याचा अर्थ रडण्याला जागाच नको असा नाही. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींच्या समाधीच्या प्रसंगावर कीर्तन होतं. १२९६ सालची घटना, पण आजही भर दुपारी हजारो माणसं तिथं ढसाढसा रडतात. रडणारा प्रत्येक जण फक्त माउलींसाठीच रडत असेल असं मला वाटत नाही. ज्याचं घरात निघालं नाही ते तिथं निघतं, आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही. बहिणीला अशी न विचारणारी जागा मिळाली तर ती तिची तिच्या वेळेला रडेल.

फोनचं. "कशी आहेस?" हे विचारू नका. त्याला "बरी आहे" याखेरीज उत्तर नाही. लहान, धरता येण्यासारखं विचारा: आज काय केलं होतंस? जेवण गेलं का? काल रात्री किती वाजता डोळा लागला? आणि दाजींचं नाव घ्या. हे सगळ्यात अवघड जातं आणि सगळ्यात जास्त हवं असतं. महिन्याभरात घरात त्यांचं नाव घेणं बंद होतं, "हे" आणि "ते" सुरू होतं, जसं काही नाव घेतलं तर तिला आठवण होईल. आठवण तिला कुणी करून द्यावी लागत नाही. "काल पावसात गाडी बंद पडली, आणि अमित असता तर त्यानं प्लग पुसून दोन मिनिटांत चालू केली असती असं वाटलं" (अमित हे नाव मी असंच घेतलं), हे असं बोला. ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. फोनवरची शांतता आपल्याला लांब वाटते, तिला नाही.

काय बोलू नये तेही सांगते, कारण ते चांगल्या मनानंच बोललं जातं. "देवाला आवडला", "मुलाकडे बघ आणि सावर", "तू खचलीस तर घर कुणी सांभाळायचं", "वय लहान आहे, पुढचं पुढं बघू". या प्रत्येक वाक्यात एक काम दडलेलं असतं, आणि ते काम आपण तिच्या खांद्यावर ठेवतो. मी स्वतः एकदा एका आजींना म्हणाले होते, "निदान त्यांचा त्रास तरी संपला." आजी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांचा संपला गं." पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. चौदा वर्षं झाली, मी ते पुन्हा कुणाला म्हटलेलं नाही.

"काही लागलं तर सांग" हेही नको. ती सांगणार नाही. एखादं काम उचला आणि ते तुमचं करून टाका. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कराडला जाणं. भाच्याच्या व्हॅनचे पैसे. सिलिंडर लावणं. आणि सगळ्यात मोठं, कागदपत्रं.

इथं जरा थांबते, कारण यात चूक झाली तर ती वर्षानुवर्षं निस्तरावी लागते. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती आत्ताच काढून घ्या. दाजींचं सिमकार्ड बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. बँक, विमा, पीएफ सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. शिवाय त्या फोनमध्ये त्यांचा आवाज आहे. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा, पण तिला विचारून, आणि ते ऐकायचे की नाही ते तिच्यावर सोडा. नोकरीत असताना गेलेल्या पीएफ सभासदाच्या वारसांना पीएफशिवाय विम्याची वेगळी रक्कम मिळते, कमाल ७ लाख, आणि नियमात बसत असेल तर पत्नीला आणि मुलालाही पेन्शन असते. मुलाची २५ वर्षांपर्यंत. त्यांच्या पासबुकात दरवर्षी मेअखेरीस ४३६ रुपये वजा झालेत का बघा. झाले असतील तर तो जीवनज्योती विमा आहे, २ लाखांचा, आणि घरात बऱ्याचदा कुणाला माहीतच नसतो. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो.

आणि एक गोष्ट जोर देऊन सांगते. पहिलं वर्षभर तिला कुठल्याही हक्कसोडपत्रावर, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करू देऊ नका. बहुतेक घरांत कुणाच्या मनात पाप नसतं. "नंतर धावपळ नको, एकदाच सगळं करून घेऊ" म्हणून कागद पुढं येतो आणि बधिर झालेली बाई दाखवतील तिथं सही करते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगा आणि आई, तिघंही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. नॉमिनी म्हणून नाव असणं आणि मालक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अज्ञान मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे तुम्ही भांडणाच्या सुरात सांगू नका. "वर्षश्राद्धानंतर बसून शांतपणे करू" एवढं म्हटलं की चांगली माणसं ऐकतात.

बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यांचं त्या दिवशी काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. कराडहून हेरवाड फार लांब नाही. तरीही मी एवढंच म्हणेन की निर्णय तिचा. काही जणींना टिकली लावावीशी वाटते, काही जणींना आरशात बघवत नाही. तुमचं काम तिला पटवण्याचं नाही. तिनं जे ठरवलं असेल त्याच्या बाजूनं, घरातल्या पुरुषांमध्ये, भाऊ म्हणून उभं राहण्याचं आहे. हळदीकुंकवाला, बारशाला तिला बोलावणं आलं नाही तर ते तिच्या लक्षात येतं. तुमच्या स्वतःच्या घरच्या कार्यात तिला पुढं घ्या, ओटी भरायला तिला सांगा. एका घरानं केलं की दुसरं करतं, हे मी पाहिलंय.

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही त्यांच्याबद्दल. सासूबाई. त्या बाईंचा मुलगा गेलाय. आपल्याकडे तरुण माणूस गेला की सगळे बायकोकडे आणि मुलाकडे बघतात, आई देवघरापाशी बसलेली असते आणि येणारा-जाणारा तिला सांगतो, "सुनेला सांभाळा आता." एकाच स्वयंपाकघरात दोन दुःखं वावरत असतात आणि दोघी एकमेकींसमोर रडायचं टाळतात. सासूला वाटतं सून कोसळेल, सुनेला वाटतं सासूचं बीपी वाढेल. मग कुणीतरी मिठावरून बोलतं, आणि भांडण मिठाचं नसतं. "तिनं वेळेवर दवाखान्यात न्यायला हवं होतं" असं वाक्य या काळात सासूच्या तोंडून निघू शकतं. निघालं असेल तर चिडू नका. अचानक आलेल्या मृत्यूत प्रत्येक जण त्या रात्रीचा हिशेब मांडत असतो. छातीत दुखतंय म्हणाला तेव्हा आपण ॲसिडिटीची गोळी का दिली? तुमची बहीणही तो मांडत असणार, मनातल्या मनात. शक्य झालं तर त्या दिवशी ज्या डॉक्टरांनी पाहिलं त्यांची वेळ घेऊन दोघींना एकत्र घेऊन जा आणि नेमकं काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या. अशा पंधरा मिनिटांच्या भेटीनं वर्षभराचा घोर हलका झालेला मी पाहिलाय.

दोघींची शुगर, बीपी तपासून घ्या, गोळ्या चालू आहेत का बघा. हे वरवरचं सांगत नाही. ब्रिटनमध्ये कॉलिन मरी पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची माहिती तपासली होती. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते, आणि त्यातले बरेच हृदयाचे. शोक शरीरावरही येतो. आणि दुःखातला माणूस आपली गोळी विसरतो.

भाचा. सात वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय हे कळू शकतं, पाच ते सातच्या दरम्यान ते उमजायला लागतं. पण "देवाघरी गेले" म्हटलं की घर म्हणजे जिथून परत येता येतं. म्हणून तो विचारतोय कधी येणार. त्याचं चुकत नाही, आपल्या शब्दानं त्याला ताटकळत ठेवलंय. "झोपले" असं सांगितलेल्या एका मुलीनं पुढं तीन आठवडे आईला झोपू दिलं नव्हतं, डोळा लागला की पापण्या उघडायची. तेव्हा साधं सांगा, आणि शक्यतो आईनंच सांगावं, तुम्ही शेजारी बसा. "बाबाचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. म्हणजे बाबा मेला. मेलेलं माणूस परत येत नाही. त्याला आता दुखत नाही, भूक लागत नाही." 'मेला' हा शब्द आपल्या जिभेवर येत नाही, मला माहीत आहे. एकदा तरी वापरा. देवावर श्रद्धा असेल तर देवाचं त्यानंतर सांगा, त्याऐवजी नको.

मग तो तीन गोष्टी विचारेल, तोंडानं किंवा वागण्यातून. माझ्यामुळं झालं का? (आदल्या दिवशी हट्ट केला असेल, बाबा रागावला असेल, ते त्याच्या डोक्यात आहे.) आईला पण होईल का? मला कोण सांभाळेल? तिसऱ्याचं उत्तर नावं घेऊन द्या: आई, आजी, मामा, आणि शाळेतून कोण आणेल तेही. तो दहा मिनिटं रडेल आणि लगेच क्रिकेट खेळायला पळेल. मुलं दुःखात अशीच आत-बाहेर करतात, त्याला काही वाटत नाही असा अर्थ काढू नका. "आता तू घरातला कर्ता पुरुष" हे त्याला कुणी म्हणालं असेल तर ते ओझं तुम्ही उतरवा. तो दुसरीतला मुलगा आहे. वर्गशिक्षिकेला कळवा, फादर्स डेची कार्डं करताना ती आधी विचार करेल. आणि त्याला वडिलांची एक वस्तू द्या, त्यानं निवडलेली. घड्याळ, पट्टा, कंगवा, काहीही.

बाकीचे कपडे, चपला, दाराजवळचं हेल्मेट, हे कधी काढायचं हे तिला ठरवू द्या. "बघून त्रास होतो" म्हणून नातेवाइकांनी परस्पर कपडे वाटून टाकलेली घरं मला माहीत आहेत. तो शर्ट पुन्हा मिळत नाही.

पुढच्या वर्षातले दिवस आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, दर महिन्याची ती तारीख, पितृपक्षातली तिथी, वर्षश्राद्ध. त्या दिवसापेक्षा आदला आठवडा जास्त जड जातो, तेव्हा फोन आदल्या आठवड्यातही करा. दिवाळीला त्यांच्या घरात या वर्षी फराळ होणार नाही, तो नातेवाइकांनी न्यायचा असतो. तुमच्या घरून जाऊ द्या आणि डबा देऊन निघू नका, बसा. भाऊबीज तर तुमचीच आहे. ती म्हणेल या वर्षी नको, घरात असं झालंय, ओवाळायचं नाही. तुमच्याकडे जी रीत असेल ती पाळा, ताट नसलं तर नसू दे. पण त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कराडला असायला हवं.

मदत कधी घ्यायची? ती जगण्यात अर्थ नाही, मीही गेले तर बरं असं म्हणाली तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, तिला एकटं ठेवू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर तिच्या आणि तुमच्या दोन्ही फोनमध्ये ठेवा. बाकी सहा आठवड्यांत भूक नसणं, विसरायला होणं, त्यांची गाडी आल्याचा भास होणं, त्यांचा वास येणं, यात वेडं होण्यासारखं काही नाही. ती सांगत नसेल, पण असं होत असेल तर तिला हे सांगा, तिला बरं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेनं लांबलेल्या शोकाला आता आजार म्हणून मान्यता दिली आहे, पण त्यासाठी किमान सहा महिने जावे लागतात, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निकषांत मोठ्यांसाठी वर्ष. सहा महिने उलटून गेल्यावरही तीव्रता जराही कमी नसेल, ती घराबाहेर पडत नसेल, मुलाकडे लक्ष नसेल, तर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. आत्ताच झोपेच्या गोळ्या मात्र शेजारच्या कुणाच्या पुड्यातून देऊ नका.

आता तुम्ही. तुमचा मित्र गेला, आणि तुमच्या दुःखाला घरात जागा नाही. तुम्ही भाऊ आहात, मामा आहात, दहाव्याला तुम्ही उभे होतात, खुर्च्यांचे पैसे तुम्ही दिलेत. तुम्हाला "कसा आहेस" असं कुणी विचारलं नसेल, विचारलं असेल ते "ती कशी आहे?" पुरुष या काळात रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसतात, गाडी घेऊन उगाच फिरतात, काही जण पेल्याकडे वळतात. तसं होत असेल तर बायकोला सांगा, एखाद्या मित्राला सांगा, ज्याला दाजी माहीत होते असा मित्र असेल तर फारच उत्तम. झोपेसाठी रात्रीचा मोबाइल बाजूला ठेवा, रोज थोडं चाला. दाजींचा नंबर डिलीट करू नका, आणि त्यांच्या जुन्या मेसेजखाली कधी काही लिहावंसं वाटलं तर लिहा. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण लिहितात.

आणि तुम्ही म्हणालात, फोनवर काय बोलावं सुचत नाही. ते तुम्ही मला लिहून पाठवलंय. "मलाही झोप लागत नाही, ते माझे मित्र होते." हे तिला ठाऊक नाही. तिला वाटतंय दादा खंबीर आहे, त्याला त्रास नको द्यायला, म्हणून ती बरी आहे म्हणते. तुम्हाला वाटतंय ती बरी आहे म्हणते तर आपण कशाला विषय काढा. आज रात्री साडेनऊनंतर, भाचा झोपला असेल तेव्हा फोन लावा आणि हेच दोन शब्द बोला.